सातवा दिवस आणि एक जुने साप्ताहिक

(शब्बाथ निघाल्यावर दुबई येथे एका घरगुती मेळाव्यात दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



आत्ताच आपण हाब्दाला केली. वेणीची मेणबत्ती द्राक्षरसात विझली, त्या धुराचा वास अजून खोलीत आहे. अशा वेळी धर्मग्रंथावर विद्वानाने बोलावे. मी परिचारिका. रोग्याच्या उशाशी बसून आयुष्य गेले, तेथे बोलायचे थोडे आणि ऐकायचे फार असते. परंतु आपल्या पत्रिकेच्या संपादकांनी आग्रह धरला की, समाजाच्या जीवनात लहानशा नियतकालिकाचे स्थान काय, यावर तुम्ही दोन शब्द बोला. मी पुष्कळ विचार केला आणि ठरविले की, ज्या साप्ताहिकाने माझ्या वडिलांना आठवड्याची सुटी मिळवून दिली त्याच्याविषयीच बोलावे. ते पत्र आपल्या समाजाचे नव्हते. त्याचे नाव ‘दीनबंधु’.

आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. नवगावच्या किनाऱ्याला लागलेली ती माणसे तेलाचे घाणे चालवू लागली. गावच्या इतर तेल्यांचा घाणा शनिवारी फिरे, आपल्यांचा थांबे. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, ग्रंथ राहिले नाहीत. परंतु शेमा राहिला, सुंता राहिली आणि शनिवारी थांबलेला तो घाणा राहिला. गावाने आपल्याला ओळखले ते त्या थांबलेल्या घाण्यावरून. माझ्या आजोबांच्या बोलण्यात हे नाव अभिमानाने येई.

माझे वडील मात्र मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. घाणा आपला असला की तो थांबवता येतो. गिरणीचा भोंगा कोणाच्या बापाचा नसतो. गिरणीला सुटी रविवारची. शनिवारी पहाटे वडील डबा घेऊन निघत तेव्हा आई दार उघडायला उठत नसे. ती रागावलेली नसे, तिला फक्त ते पाहवत नसे. मी लहान असताना एकदा रडून म्हटले, “बाबा, हा रविवार कोणी काढला? शनिवार का नाही काढला?” ते म्हणाले, “बाय, आपला शनिवार गेला याचे दुःख कर. पण रविवार ज्याने मिळवला त्याला नावे ठेवू नकोस. त्याच्याआधी गिरणीत कोणालाच कोणता वार नव्हता.” आणि मग त्यांनी मला नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट सांगितली. त्यांनी सांगितले त्याहून अधिक मी पुढे वाचून समजून घेतले. तेच आपल्यापुढे ठेवते.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या काळी मराठीत वर्तमानपत्रे होती, परंतु ती बहुतेक उच्चवर्णीयांनी चालविलेली आणि त्यांच्यासाठीच लिहिलेली. शेतकरी, माळी, न्हावी, गिरणीमजूर यांचे नाव त्यांत आले तर दुष्काळाच्या नाहीतर गुन्ह्याच्या बातमीत. हे बदलावे म्हणून कृष्णराव भालेकर या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८७७ च्या जानेवारीत पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. पैशाचे बळ नाही, जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब. तीन वर्षांत भालेकर थकले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते पत्र मुंबईस नेले आणि स्वतः संपादक झाले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचे. रेल्वेत, टपालखात्यात नोकरी केली आणि मग मांडवीच्या एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणीचे जीवन त्यांनी आतून पाहिले होते. त्या जीवनात दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा. आठवड्याची ठरलेली सुटी नाही; सणासुदीला गिरणी बंद राहील ती सुटी. यंत्रे साफ करायचा दिवस आला तर त्या दिवशीही मजूर हजर. १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला; त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांना, त्यांत बायकाही आल्या, त्या कायद्याने काहीच दिले नाही.

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी मजुरांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज लिहिला गेला आणि त्यावर ५,५०० मजुरांनी सह्या केल्या. मागण्या मोजक्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर अपघाताने माणूस जायबंदी झाला तर त्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची तरतूद व्हावी.

मालकांनी लगेच मान डोलावली असे नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. कापडगिरणीतली बाई १८९० मध्ये दहा हजारांपुढे उभी राहून बोलते, हे चित्र मी आज इतक्या वर्षांनीही मनातून काढू शकत नाही. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच सुटीत माझे वडील पुढे आम्हा भावंडांना घेऊन राणीच्या बागेत जात असत.

आता कोणी विचारील, हे तर संघटनेने केले. साप्ताहिकाने काय केले? प्रश्न योग्य आहे. वर्तमानपत्राने सुटी दिली नाही, गिरणीही थांबविली नाही. परंतु दर आठवड्याला एक कागद निघत राहिला, ज्यात गिरणीतल्या माणसाचे दुःख हे बातमी ठरले. मी परिचारिका म्हणून सांगते, रोगी पहिल्याने बरा होतो तो औषधाने नव्हे. आपले दुखणे कोणीतरी ऐकून केसपेपरवर लिहून घेतले, या भावनेने त्याला पहिला धीर येतो. ज्याची तक्रार कोठेच लिहिलेली नाही तो मनुष्य स्वतःच म्हणू लागतो की, हे नशीबच आहे. लिहिले गेले की ते नशीब राहत नाही, ती तक्रार होते. आणि तक्रारीवर सही करता येते. ५,५०० सह्या एका दिवसात जमत नाहीत. त्यामागे चार वर्षांचे साप्ताहिक अंक होते.

दुसरी गोष्ट. गिरणीत बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. असे पत्र एकाने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे. आमच्या चाळीतही माझ्या लहानपणी हीच रीत होती. वडील गॅलरीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, जिन्यावर शेजारी बसत. त्यांत कोकणी मुसलमान होते, साताऱ्याचे मराठे होते, महार होते. खपाचा आकडा एक आणि श्रोत्यांचा आकडा दुसरा. लहान पत्रांचे बळ या दुसऱ्या आकड्यात असते.

लोखंडे यांचे पत्र केवळ गिरणीपुरते नव्हते. १८९० मध्येच मुंबईच्या न्हावी बांधवांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्यामागेही लोखंडे होते. आणि मनाचा मोठेपणा पाहा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्यांचा ‘केसरी’ आणि हा ‘दीनबंधु’ यांचे विचार जुळणारे नव्हते. तरी जामीन राहिले ते फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे, आणि सुटकेनंतर त्या दोघांच्या सत्काराला पुढे झाले ते लोखंडे. वेगळे पत्र चालविणे म्हणजे शेजाऱ्याशी वैर धरणे नव्हे, हे त्यांनी करून दाखविले.

परंतु केवळ गुणगान करणे मला आवडत नाही. रुग्णाच्या तक्त्यावर ताप आहे तो लिहावाच लागतो. १८८३ मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’ने छापले आणि पुढचे थांबविले. सरकारची आणि मोठ्या लोकांची भीती वाटली असावी. फुल्यांना ते मुळीच रुचले नाही आणि त्यांनी ते लपविलेही नाही. तेव्हा लहान पत्रही घाबरते. फरक इतकाच की, लोखंडे तेथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी ते मजुरांचा अर्ज घेऊन समितीपुढे उभे होते.

आता मी माझ्या व्यवसायाच्या प्रांतात येते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी आढळले ते मांडवीत. हीच ती मांडवी, जेथे १७९६ मध्ये सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर, शाआर हाराहामीम, उभारले. त्याला शंभर वर्षे पुरी होत होती त्याच वर्षी त्याच्या गल्लीत प्लेग शिरला. ज्यांना पळता आले ते शहर सोडून पळाले. ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ मात्र तेव्हा मुंबईत येऊन बसला होता: वाल्डेमार हाफकिन. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने आहे.

लोखंडेही पळाले नाहीत. ते प्लेगच्या रोग्यांसाठी धावत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्याही रोग्यांची सेवा करता करता. त्या दोघांपाशी परिचारिकेची पदविका नव्हती. माझ्यापाशी आहे, चौकटीत घालून भिंतीवर लावलेली. कधी कधी तिच्याकडे पाहून मला संकोच वाटतो.

‘दीनबंधु’ तरीही बंद पडले नाही. पुढे वासुदेव बिर्जे यांनी ते चालविले आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादनाची धुरा उचलली. तानुबाई सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी एक मराठी स्त्री वर्तमानपत्राची संपादक होती, हे आपल्या नातींना अवश्य सांगा.

आता या वाळवंटाकडे वळू. मी येथे ऐंशीच्या दशकात आले. तेव्हा येथे सुटी शुक्रवारची. माझ्या आयुष्यात तिसरा वार आला! मुंबईला मी रविवारच्या जगात शनिवार मागत होते, येथे शुक्रवारच्या जगात. शिकत असताना ज्या रुग्णालयात मी होते तेथे शनिवार मागितला म्हणून मला ऐकावे लागले होते की, रोग्यांना वार नसतो. ते खरेच आहे, आणि जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा असे आपला धर्मही सांगतो. परंतु वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण माझ्याबरोबर शिकत होती. ती म्हणाली, “तू माझा रविवार कर, मी तुझा शनिवार करीन.” तीन वर्षे आम्ही दोघींनी एकमेकींचे वार सांभाळले. मोठ्या संस्थेला जे सुचले नाही ते शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सुचले.

२००६ मध्ये या देशाने सुटी शुक्रवार-शनिवार केली आणि २०२२ च्या १ जानेवारीपासून शुक्रवारचा अर्धा दिवस, शनिवार आणि रविवार. ज्या दिवशी ते जाहीर झाले त्या दिवशी मला वडिलांची आठवण झाली. त्यांचा रविवार आणि आजोबांचा शनिवार, दोन्ही एका आठवड्यात, आणि तेही मुसलमानांच्या देशात! आता तर अबू धाबीत २०२३ मध्ये मोझेस बेन मैमोन सिनेगॉग उघडले. मशीद, चर्च आणि सिनेगॉग एका अंगणात.

येथेही एक लहान पत्र होते, काहींना आठवत असेल. २००३ मध्ये ‘सेव्हन डेज’ हे फुकट वाटले जाणारे साप्ताहिक दुबईत निघाले. पुढे ते दैनिक झाले आणि २०१६ च्या अखेरीस बंद पडले. आमच्या परिचारिकांच्या खोलीत ते पडलेले असे. प्रथम आम्ही वाचत असू ते वाचकांच्या पत्रांचे पान. घरभाडे वाढले, शाळेत जागा नाही, रस्ता ओलांडायला जागा नाही. माणसे आपले नाव घालून लिहीत. ते बंद झाले तेव्हा एका मलबारी परिचारिकेने म्हटले, “आता गाऱ्हाणे फक्त आपापसात.”

आणि लोखंडे यांचा तो १८८४ चा अर्ज मला येथे पावलोपावली दिसतो. दुपारची विश्रांती? १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हात काम घ्यायला बंदी. गेली दोन दशके हा नियम आहे. पगार वेळेवर? २००९ पासून तो बँकेमार्फत नोंद होऊन द्यावा लागतो. आठवड्याची सुटी? घरकाम करणाऱ्यांना ती २०१७ च्या कायद्याने मिळाली. मागण्या त्याच आहेत. देश आणि शतक तेवढे बदलले.

घरकामाचा विषय निघाला म्हणून एक कबुली देते. ती देता यावी म्हणूनच खरे तर मी आज उभी राहिले. हा कायदा होण्याच्या पुष्कळ आधी माझ्या घरी कडप्याकडची एक बाई कामाला होती. मी नोकरीतून वरच्या पदावर गेले होते, आता मला शनिवार मोकळा मिळू लागला होता. आजोबांच्या शनवार तेलीपणाचा मला भारी अभिमान. शब्बाथ मी कडक पाळू लागले. दिवा मी लावीत नसे, गॅस मी पेटवीत नसे. ते सर्व ती करी. सातही दिवस करी. माझा शब्बाथ तिच्या हातांवर उभा होता आणि माझ्या ध्यानात आले नाही.

एका शनिवारी संध्याकाळी ताट देताना तिचा हात माझ्या हाताला लागला. तापलेला होता. थर्मामीटर लावला, एकशे तीन. विचारले, ताप कधीपासून? म्हणाली, मंगळवारपासून. मी म्हटले, “मी परिचारिका, आणि तू मला सांगितले नाहीस?” ती शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही विचारले नाही.”

त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच ते लागले. हजारो रोग्यांना मी विचारले होते, झोप लागली का, कोठे दुखते, कधीपासून. घरातल्या माणसाला विचारले नाही. दहा आज्ञांतल्या शब्बाथच्या आज्ञेत आपल्याबरोबर आपला दास, दासी, बैल आणि वेशीच्या आतला परका यांचाही उल्लेख आहे. तो भाग मी दर आठवड्याला ऐकत होते आणि तिच्या हातचे जेवत होते. त्या आठवड्यापासून तिला शुक्रवारची पूर्ण सुटी दिली. त्या दिवशी ती आपल्या गावच्या बायकांना भेटे, घरी पैसे पाठवी, मुलाशी बोले. मी काही उपकार केला नाही. चार वर्षांची थकबाकी होती, ती फेडायला उशीर केला.

बंधुभगिनींनो, माझ्या मते लहान पत्राचे कार्य एवढेच: ज्याला कोणी विचारले नाही त्याला विचारणे, आणि तो सांगेल ते त्याच्या नावाने, भीड न धरता, छापणे. मोठी पत्रे मोठ्यांना विचारतात. त्यांना दोष नाही. परंतु मग बाकीच्यांना कोणीतरी विचारले पाहिजे.

आपल्या समाजातही ही परंपरा आहे. १९१७ मध्ये एरुलकर बंधूंनी मुंबईत ‘द इझ्रायलाइट’ हे इंग्रजी-मराठी पत्र सुरू करून दहा वर्षे चालविले. इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या माणसांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. आपली ही पत्रिका त्याच वाटेवरची. तिच्यात बारमित्झवा, विवाह, देणगीदारांची यादी, मलिद्याचे निमंत्रण असते, ते असावेच. परंतु एक पान आणखी असावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या श्रमावर आपला विसावा उभा आहे त्यांची विचारपूस त्या पानावर व्हावी. घरातली बाई, गाडीचा चालक, इमारतीचा पहारेकरी. कोकणातल्या आपल्या कित्येक जुन्या सिनेगॉगांची किल्ली आज हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्याच्या हाती आहे. तो माणूस रोज दिवा लावतो, केर काढतो. त्याला किती पगार मिळतो, वेळेवर मिळतो का, तो आजारी पडला तर कोण पाहतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला माहीत नव्हते. मागच्या वेळी गावी गेले तेव्हा प्रथम ते विचारले. पत्रिकेने विचारले तर सर्वांना कळेल.

तरुणांना एकच सांगते. तुम्हांला मराठी वाचायला जड जाते हे मी जाणते. तर मग चाळीची रीत पुन्हा सुरू करू. महिन्यातून एकदा घरातल्या ज्येष्ठाने ही पत्रिका मोठ्याने वाचावी आणि नातवंडांनी ऐकावी. अर्धे समजले तरी चालेल. माझ्या वडिलांच्या गॅलरीत जिन्यावर बसलेल्यांनाही सगळे समजत नसे. पण रविवार कोणी मिळवून दिला, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

शनिवार आपल्याला सीनायवर मिळाला. रविवार आपल्यासारख्याच घामेजलेल्या माणसांनी मिळविला. ज्याच्यापाशी अजून कोणताच वार नाही असा मनुष्य आपल्या घरात नाही ना, हे आज घरी गेल्यावर पाहावे, एवढेच मागणे.

शावुआ तोव. येणारा आठवडा आपणा सर्वांस आणि आपल्या दाराशी काम करणाऱ्यांस सुखाचा जावो.